शपथेनंतरची तिसरी रात्र

माझा मामा दारू सोडण्यात पटाईत होता. माझ्या आठवणीतच त्याने ती सात-आठ वेळा सोडली. एकदा चंद्रभागेच्या पाण्यात उभं राहून, एकदा आजीच्या पायांवर डोकं ठेवून, एकदा धाकट्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून. एकदा तर बुवांच्या हातून तुळशीची माळ घालून घेतली. घर आता माळकऱ्याचं झालं म्हणून मामीने मटणाचं पातेलं माळ्यावर टाकलं. दर खेपेला घरात सण असायचा. मामी पुरणाचा घाट घालायची, आजी दृष्ट काढायची, आणि भावकीतले दोन-चार जाणते येऊन मामाच्या पाठीवर थाप मारून जायचे, ‘मनावर घेतलं तर काय अवघड आहे?’

त्यातली एक शपथ सोमवारी झाली. मंगळवारी संध्याकाळी मामाला फिट आली. बुधवारी रात्री तो भिंतीवरचे किडे वेचायला लागला. भिंतीवर किडे नव्हते. अंग घामाने निथळत होतं, हातापायांना कापरं भरलं होतं आणि मामीलाच तो विचारत होता, ‘तू कुणाची गं?’ आजीने निदान केलं: बाहेरचं आहे. देवऋषी आला, लिंबू उतरलं, नारळ फुटला. पहाटेकडे भावकीतल्याच एकाने कुठून तरी देशीची क्वार्टर आणून त्याला पाजली, आणि तासाभरात मामा शांत झोपला. घराने त्यातून काढायचा तो अर्थ काढला: याच्या नशिबातच ती आहे.

त्या रात्रीला वैद्यकात नाव आहे, डिलिरियम ट्रेमेन्स, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या घराला ते कुणी सांगितलं नाही. गावात सांगणारं कुणी नव्हतं असं नाही. विचारायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. शपथ घेताना सगळे हजर असतात. तिसऱ्या रात्री फक्त बायको असते आणि देवऋषी. व्यसनाकडे बघण्याची आपली सगळी रीत, कुटुंबाची आणि सरकारचीही, या शपथेभोवती बांधलेली आहे. माझी तक्रार तिथे आहे.

शरीरात काय घडतं ते समजायला रस्सीखेच आठवावी. दारू मेंदूला मंदावते, निजवते. रोज कुणी तरी एका बाजूने दोर ओढतंय म्हटल्यावर मेंदू दुसऱ्या बाजूला आपले गडी वाढवतो, म्हणजे जागं ठेवणारी, उत्तेजित करणारी रसायनव्यवस्था जोरात चालवतो. वर्षानुवर्षं दोन्ही बाजू सारख्या ताकदीने ओढत राहतात आणि माणूस वरकरणी नीट चालतो, बोलतो, कामावरही जातो. मग एका सोमवारी एक बाजू दोर सोडून देते. दुसरी बाजू धाडकन मागे कोसळते. पहिल्या दोन दिवसांतली फिट आणि साधारण दोन ते चार दिवसांच्या दरम्यान सुरू होणारा भ्रम म्हणजे हे कोसळणं. उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. पिण्याने मरतात हे सगळ्यांना माहीत असतं. जुना, रोजचा पिणारा अचानक थांबल्यानेही मरू शकतो, हे किती घरांना माहीत आहे?

आणि यावरचा उपचार काही अमेरिकेहून आणावा लागत नाही. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम यांसारखं औषध आधी पुरेशा मात्रेत, मग पाच-सात दिवसांत उतरत्या क्रमाने. बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. पाणी, क्षार, आणि रात्री लक्ष ठेवणारी नर्स. औषधं जुनी आहेत, स्वस्त आहेत. फक्त क्रम माहीत हवा. आपल्याकडे अशक्त माणूस दिसला की ‘सलाइन लावा’ ही पहिली मागणी असते. पण कुपोषित दारुड्याला बी-1 न देता ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका वाढतो. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टराला हे शिकवायला आठवडाभराचं प्रशिक्षण पुरतं.

श्रावणाबद्दल इथेच बोलून घेतो. गटारीला पोटभर प्यायची आणि पुढचा महिना कडकडीत पाळायचा, ही आपली जुनी तऱ्हा आहे. ‘श्रावणात थेंब घेत नाही, मग मी व्यसनी कसा?’ हा दावा मी पारावर ऐकला आहे, तसा पुण्यातल्या सोसायटीच्या गच्चीवरही ऐकला आहे. ज्याला महिना सहज जातो त्याचं शरीर बहुधा अजून दोराला बांधलेलं नाही, एवढंच त्यातून कळतं. जो गणपती यायच्या तारखा मोजत महिना काढतो, त्याने तो महिना का मोजावा लागला याचा विचार करावा. आणि ज्याला सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला घोट लागतो, त्याने घरच्या घरी श्रावण पाळूच नये. आधी दवाखाना गाठावा.

बरं, तिसरी रात्र निभावली. मग? आपल्या मते काम झालं. वैद्यकाच्या मते ते आता सुरू होतं. शरीरातली दारू आठवड्यात उतरते, पण मेंदूने वर्षानुवर्षं जे शिकून ठेवलंय ते तसं उतरत नाही. मामा एकदा चार महिने कोरडा होता. एसटी स्टँडमागच्या गुत्त्याशेजारी एक भज्यांची गाडी लागायची. तो सांगायचा, ‘दारूचा वास नव्हता गं आला. भज्याचा आला. आणि पाय वळले.’ (हे तो माझ्या आईला सांगत होता, मी अभ्यासाचं नाटक करत ऐकत होतो.) व्यसनावरचे संशोधक ज्याला ‘क्यू’, म्हणजे ओढ जागी करणारी खूण, म्हणतात, त्याची इतकी नेमकी व्याख्या मी पुढे कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचली नाही.

याच गोष्टीची उलटी बाजू व्हिएतनाम युद्धात दिसली. तिथल्या अमेरिकी सैनिकांपैकी जवळपास पाचवा हिस्सा हेरॉइनच्या आहारी गेला होता. ही फौज घरी परतली की काय होणार, या धास्तीने 1971 मध्ये निक्सन सरकारने परतणाऱ्यांची तपासणी सुरू केली आणि ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्यांचा पाठपुरावा केला. बहुतेकांची हेरॉइन परतल्यावर सुटली. पुन्हा व्यसनात अडकणारे फार थोडे निघाले. जागा बदलली, सोबत बदलली, भीती संपली. आपला माणूस मात्र केंद्रातून सुटतो तो त्याच एसटीने, त्याच स्टँडवर उतरतो. तिथे भज्यांची गाडी असतेच.

म्हणून पुन्हा पिणं, ज्याला व्यसनमुक्तीच्या वर्तुळात ‘स्लिप’ म्हणतात, ही या आजाराची ओळखीची खूण आहे. उपचारानंतर पुन्हा वळणाऱ्यांचं प्रमाण साधारण 40 ते 60 टक्के सांगितलं जातं. रक्तदाबाचे, दम्याचे रुग्ण औषध-पथ्य सोडून पुन्हा बिघडतात त्याच्या आसपासच हे येतं. पण रक्तदाब पुन्हा वाढलेल्या माणसाला डॉक्टर म्हणत नाहीत, ‘तुझ्यात दमच नाही.’

मला मात्र रक्तदाबापेक्षा टीबीची तुलना जवळची वाटते, कारण ती आपल्या तालुक्यात डोळ्यांसमोर घडते. क्षयरोगाचा रुग्ण सापडला की त्याची नोंद होते. महिनोन्‌महिने गोळ्या चालतात. त्याने गोळ्या चुकवल्या तर आशाताई दारात उभी राहते. ‘का रे बाबा, काय झालं?’ त्याला पोषणासाठी दरमहा पैसे मिळतात; 2018 मध्ये ते 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. औषध अर्धवट सोडणं हा टीबीत माणसाचा नादानपणा मानला जात नाही. ते होणार हे गृहीत धरून सगळी यंत्रणा बेतली आहे. त्याच आशाताईच्या त्याच वाडीत दारूने हातपाय कापणारा माणूसही असतो. तो तिच्या वहीत नसतो. तो व्यसनमुक्ती केंद्रातून परतून पुन्हा प्यायला लागला, हे सगळ्या वाडीला कळतं, आरोग्य खात्याला सोडून.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मी टाळणार नाही, कारण तो मामीचा आहे. आजार म्हटलं की सगळं माफ का? मी एकदा मोठ्या शहाणपणाने तिला समजावत होतो की मामी, हा मेंदूचा आजार आहे, त्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो, वगैरे. ती भाकरी थापत होती. म्हणाली, ‘त्याला आजार आहे, तर मग मला काय आहे?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या अंगावर वळ होते. मंगळसूत्रातले मणी गहाण होते. थोरल्या लेकीचं लग्न एकदा मोडलं होतं.

तिच्या प्रश्नाचा आदर ठेवूनच सांगतो, आजार मानण्याने जबाबदारी कमी होत नाही. टीबीच्या रुग्णावरही तोंड झाकण्याची, गोळ्या घेण्याची जबाबदारी असतेच. बायकोवर हात टाकणं हा दारूच्या नशेतही गुन्हाच आहे, आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरोधातला कायदा नवऱ्याच्या श्वासाला वास येतो का हे विचारत नाही. आजाराचा मुद्दा एवढ्यासाठीच की शिव्या, मार, शपथ आणि अपमान यांनी तो बरा होत असता तर महाराष्ट्रात एकही दारुडा उरला नसता. त्यातलं आपण काही कमी केलेलं नाही. आणि मामीच्या ‘मला काय आहे’ याचं उत्तर उपचाराच्या आतच हवं. पुण्यातल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवले ते यातूनच. नवरा प्यायला की आपलंच काही चुकलं असं मानणारी बाई त्या गोलात बसून पहिल्यांदा ऐकते की तिने त्याला पाजलेली नाही आणि ती त्याला सोडवूही शकत नाही.

मुक्तांगणचा विषय निघालाच आहे. 1980च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, पसरली. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी मदत देऊ केली, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने केंद्र सुरू झालं. ही कथा मराठी वाचकाला पाठ आहे, आणि तीच अडचण आहे. एका चांगल्या केंद्राच्या कौतुकात आपण चाळीसेक वर्षं काढली. मारहाण नाही, बरे झालेलेच समुपदेशक, सुटल्यानंतरचा पाठपुरावा, ही रीत तिथे रुजली आणि ती चालते हे सिद्ध झालं. जिल्ह्याजिल्ह्यात ती सरकारी व्यवस्था म्हणून का गेली नाही, हे आपण विचारलं नाही.

त्या रिकाम्या जागेत काय उगवलं ते मामाने भोगलं. नातेवाइकांनी पैसे जमवून त्याला एका खासगी केंद्रात घातलं. घातलं म्हणजे, रात्री दोन वाजता जीपमधून चौघे आले आणि त्याला अंथरुणासकट उचललं. तीन महिने. डोकं भादरलेलं, पहाटे थंड पाण्याची आंघोळ, उलट बोललं की पट्टा. डॉक्टर त्याने पाहिलाच नाही. परत आला तेव्हा अंगाने भरला होता आणि नजर खाली होती. सगळे खूश. त्याच संध्याकाळी तो प्यायला.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतलं आहे. याचा अर्थ अशा केंद्राला नोंदणी लागते. रुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे. त्याच्या संमतीविना दाखल करायचं तर तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते आणि सुरुवातीला 30 दिवसांची मर्यादा आहे. विमा कंपन्यांनीही शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांना संरक्षण द्यावं असं हाच कायदा म्हणतो. रात्री दोनची जीप यातल्या कुठल्या कलमात बसते? पण नातेवाईक तक्रार करत नाहीत, कारण जीप त्यांनीच बोलावलेली असते. आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा, दुसरं दार उघडं असतं तर त्यांनी ते ठोठावलं नसतं का?

दुसरी एक पळवाट भिंतींवर रंगवलेली असते: ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा.’ मामीने तीही केली. पुडी आणली, आमटीत कालवली. मामा जेवून बाहेर गेला आणि तासाभरात त्याला लोकांनी उचलून आणलं. तोंड लालबुंद, छाती धडधडतेय, ओकाऱ्या, श्वास लागेना. त्या पुडीत काय होतं हे कधीच कळलं नाही. पण डायसल्फिरॅम नावाचं एक खरं औषध नेमकं असंच वागतं. दारूशी गाठ पडली की होणारा त्याचा हा परिणाम 1940च्या दशकात डेन्मार्कमध्ये लक्षात आला आणि तेव्हापासून ते वापरात आहे. ते दारूचं पचन मध्येच अडवतं, विषारी घटक अंगात साठतो आणि माणूस लोळागोळा होतो. ज्याला हे ठाऊक आहे तो गोळी घेतलेल्या दिवशी ग्लासाला हात लावत नाही. औषधाचं सगळं बळ त्या ठाऊक असण्यात आहे. नकळत दिलं तर ते निव्वळ विषप्रयोग ठरतं. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट ही औषधंही आहेत. ब्राउन शुगरच्या रुग्णांसाठी ब्युप्रेनॉर्फिन आहे. एमडी, म्हणजे मेफेड्रोन या उत्तेजक अमली पदार्थाला, तसं पर्यायी औषध नाही. तिथे समुपदेशन आणि पाठपुराव्यावरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून तर मला एमडीच्या बातम्या वाचताना चीड येते. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून एमडीचा प्रचंड साठा पकडला तेव्हा आठवडाभर किलो आणि कोटी यांचे आकडे गाजले. ते ज्यांच्या नाकात जायचं होतं त्या पोरांना उपचारासाठी कुठे न्यायचं, ही चौकट एकाही पानावर दिसली नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरोधातल्या, कायद्यात 64-अ हे कलम आहे: केवळ सेवनाच्या किंवा अल्प साठ्याच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त उपचार घ्यायला तयार झाला तर त्याला खटल्यापासून सवलत मिळू शकते. किती आईबापांना हे कलम ठाऊक असेल?

आता सरकारकडे. आपलं राज्य गमतीचं आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली इथे प्यायला परवाना लागतो, आणि तो परवाना ‘आरोग्याच्या रक्षणासाठी’ म्हणून दिला जातो. एका दिवसाचा देशीसाठी दोन रुपयांत, विदेशीसाठी पाच रुपयांत. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं आणि दारूवरच्या करवाढीतून वर्षाला 14,000 कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज मांडला. दुसरीकडे एम्सने केलेलं 2019 चं राष्ट्रीय सर्वेक्षण सांगतं की दारूवर अवलंबून असलेल्या 38 माणसांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार घेणारा 180 मागे एक. उरलेले 37 कुठे असतात? शपथ घेत असतात.

आपली सार्वजनिक चर्चा मात्र बंदी हवी की नको इथेच अडकते. वर्ध्यात बंदी, 1993 पासून गडचिरोलीत बंदी, चंद्रपुरात 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. दर वेळी दोन्ही बाजू त्याच तलवारी काढतात. माझं मत विचाराल तर, बाया मतदान करून आडवी बाटली करतात, म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद पाडतात, तेव्हा मी त्यांच्या बाजूचा आहे. दुकान लांब गेलं की नवखी पोरं वाचतात. पण रोज पिणाऱ्याचं त्या तिसऱ्या रात्री काय होतं हे बंदीवाल्यांनी विचारायला हवं. 2020 च्या टाळेबंदीत दुकानं एका रात्रीत बंद झाली आणि केरळ सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा हुकूम काढला. डॉक्टरांनी विरोध केला आणि उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. स्थगिती योग्यच होती, कारण दारू तुटल्यावर होणाऱ्या त्रासावर उपचार दारू हा नव्हे. पण सरकारला ती चिठ्ठी सुचली यातच उपचारयंत्रणा किती तोकडी होती ते दिसलं. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूविरोधी उपक्रमाने गावसंघटनांच्या जोडीला तालुका पातळीवर दारू सोडवणारी क्लिनिकं चालवली. बंदी आणि उपचार हे एकमेकांचे पर्याय आहेत असं तिथे कुणी मानलं नाही.

व्यसनमुक्तीचा बराचसा कारभार सामाजिक न्याय विभागाकडे आहे. तो प्रबोधन करतो, फेऱ्या काढतो, केंद्रांना अनुदान देतो. पोस्टरवर कवटी आणि पिंडदान करणारी पोरं. फेरीने फिट थांबत नाही. मला हवं आहे ते फार साधं आहे, आणि बहुधा म्हणूनच त्यात कुणाला रस नाही: प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दारू उतरवण्यासाठी दोन खाटा, औषधांच्या यादीत बी-1 आणि नाल्ट्रेक्सोन कायम शिल्लक, आठवड्यातून एक दिवस समुपदेशक, आणि आशाताईच्या वहीत एक जादा रकाना. त्या 14,000 कोटींतला किती हिस्सा याला लागेल याचं गणित अर्थखात्याने मांडून दाखवावं. मला तो आकडा लाजिरवाणा लहान निघेल असं वाटतं.

मामाचं पुढे बरं झालं, पण शपथेने नाही. एका खेपेला रक्ताची उलटी झाली म्हणून त्याला सिव्हिलला नेलं आणि तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, ‘काका, शेवटची कधी घेतलीत?’ कुणी न ओरडता त्याला हा प्रश्न विचारायची ती पहिली वेळ. तिसरी रात्र त्याने तिथे काढली. किडे दिसले नाहीत. मग दर महिन्याला तपासणी, गटाची बैठक. यकृत सावरल्यावर डायसल्फिरॅम सुरू झालं. रोज सकाळी मामी गोळी हातावर ठेवायची आणि तो तिच्यासमोर गिळायचा, दोघांनाही ती कशाची आहे हे ठाऊक असताना.

अडीच वर्षांनी गोळ्या बंद असताना एका हळदीत तो घसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड सुजलेला ओट्यावर बसला होता. आजी आतून म्हणाली, आता माळ तरी घालू या. मामी काही बोलली नाही. तिने आधी त्याला चहा दिला, मग सिव्हिलचा केसपेपर शोधला आणि साताऱ्याची पहिली एसटी किती वाजता आहे ते शेजारच्या पोराला विचारायला पाठवलं.